गाडी गरम करून आणू नका

गाडी गरम करून माझ्याकडे आणू नका, हे वाक्य मी बऱ्हाणपुरात जितक्यांदा बोललो, तितक्यांदा स्वतःचं नावही सांगितलं नसेल. लोक ऐकत नसत. शनवारा पेठेतून आमच्या वर्कशॉपपर्यंत पाच मिनिटांचा रस्ता. पण माणूस घरी अर्धा तास इंजिन चालवून, काचा पुसून, सायलेन्सरच्या तोंडावरची काजळीसुद्धा फडक्यानं टिपून मग यायचा. वैद्याकडे जाताना तोंड धुऊन जावं तसं. आणि वर म्हणायचा, "मिस्त्री, सकाळी लय धूर देते हो. आता नाही देऊन राह्यली, पण देते."

आता नाही देत, तर मी पाहू काय?

मला माझ्या कामाबद्दल लिहायला सांगितलंय. मी सहावी अर्धी सोडलेला माणूस. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका नातीनं काढल्यात. गाड्यांबद्दल काही चुकलं असेल तर ते माझं. सगळ्या नोकरीची कहाणी सांगत बसत नाही. सकाळच्या पहिल्या धुराबद्दल सांगतो, कारण माझं जे काही झालं ते त्याच्यामुळं झालं.

रात्रभर उभं राहिलेलं इंजिन सकाळी सुरू करताना जो पहिला धूर येतो, तो काही मिनिटांचाच असतो. त्याच्यात इंजिनाचं दुखणं असतं. एकदा इंजिन तापलं की लोखंड फुगतं, फटी बुजतात, ऑइल पातळ होतं, आणि दुखणं लपतं. म्हणून डॉक्टर उपाशीपोटी रक्त मागतात, तशी आम्ही थंड गाडी मागतो.

धूर तीन रंगांचा. काळा असला तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी. थंड इंजिनाला सुरू होताना थोडं जास्त पेट्रोल लागतंच. त्यासाठी तेव्हाच्या गाड्यांना चोक असायचा. स्टिअरिंगजवळ एक मूठ, ती ओढली की हवा अडते, आणि गाडी लागली की मूठ परत आत ढकलायची. नाही ढकलली तर गाडी ओल्या लाकडाच्या चुलीसारखी धुमसते. पांढरा धूर म्हणजे वाफ. थंडीत सायलेन्सरमध्ये पाणी धरतं, ते मिनिटभरात उडून जातं, काळजी नाही. पण गाडी तापली तरी पांढरं येतच राहिलं, तर रेडिएटरचं पाणी आत सिलिंडरमध्ये उतरतंय. आणि निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. ऑइल दोन वाटांनी येतं. खालून, म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. किंवा वरून, वॉलच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या, दांड्याच्या कडेनं झिरपून. खालून येणारं ऑइल दिवसभर जळतं, चढावर जास्तच. वरून झिरपणारं रात्रभर थेंब थेंब साठतं आणि सकाळी एका दमात जळून संपतं. दोन्हींचा रंग एकच, पण एकाला इंजिन पुरं उघडावं लागतं आणि दुसऱ्याला बऱ्याचदा नाही. एवढं ध्यानात असलं की पुढचं सगळं कळेल.

माझं हत्यार म्हणजे पांढरा फडका. बऱ्हाणपूर हे मागांचं गाव, पांढऱ्या चिंध्यांना तोटा नाही. सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर फडका धरायचा. पाण्याचा डाग वाळून जातो, काजळीचा झटकला की पडतो, ऑइलचा पिवळट राहतो आणि बोटाला चिकटतो. डोळ्याला धुराचा रंग फसवतो, उन्हात निळा पांढरा वाटतो. फडका फसवत नाही.

इतवाऱ्यात राहणारे एक गुरुजी होते. भावाभावांत मिळून एक जुनी गाडी घेतलेली. एकदा मला गाठून हळूच म्हणाले, "मिस्त्री, एक विचारू? हसायचं नाही. माझी गाडी एकादशीला धूर देत नाही."

मी हसलो नाही. मी विचारलं, "बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस काळा. मागचा सायकलवाला शिव्या देतो. एकादशीला एकदम स्वच्छ. बायको म्हणते, गाडी पुण्यवान आहे."

मी सकाळी त्यांच्याकडे गेलो. गुरुजी निघाले, गाडीत बसले, आणि हातातली डब्याची पिशवी समोरच्या मुठीला अडकवली. ती मूठ चोकची. तिरकी होती, खड्डा आला की डब्याच्या वजनानं इंच इंच बाहेर यायची. एकादशीला गुरुजींचा उपवास, डबा नाही, म्हणून गाडीलाही उपवास. मी पिशवी काढून शेजारच्या सीटवर ठेवली. गुरुजींना दुरुस्ती झाली याचं समाधान नव्हतं. म्हणाले, "बायकोला काय सांगू?"

आणि एक न हसण्यासारखी गोष्ट. एका वकीलसाहेबांच्या गाडीचा पांढरा धूर पाहून मी म्हणालो होतो, थंडी आहे, वाफ आहे, जा खुशाल. फडका धरला, पाणीच होतं. पण रेडिएटरमधलं पाणी कमी होतं का, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तरी उत्तर मिळालं नसतं. त्यांचा गडी रोज सकाळी देवाला घालावा तसा एक तांब्या रेडिएटरमध्ये घालायचा, न बघता. रोज एक तांब्या आत जातो म्हणजे रोज एक तांब्या कुठं तरी जातोय, हे कुणाच्या मनात आलं नाही. असीरगडच्या चढावर इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसवलेला जाड ठोकळा, तडकलं. घरची मंडळी गाडीत होती. कुणाला लागलं नाही, पण भर उन्हात दोन तास बसावं लागलं. वकीलसाहेब मला कधी बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. तेव्हापासून मी पाण्याचं आधी विचारतो.

आता माझी स्वतःची गोष्ट.

मी मूळचा आजऱ्याकडचा, पार कोल्हापूरच्या खाली. वडील गेले तशी शाळा सुटली. कोल्हापुरात एका वर्कशॉपात काम शिकलो, ते बंद पडलं. तिथल्या मालकांनी आणि बऱ्हाणपूरच्या दगडू मिस्त्रींनी लढाईच्या काळात लष्कराच्या गाड्या एकत्र दुरुस्त केल्या होत्या. मालकांनी चिठ्ठी दिली. मी एकवीस वर्षांचा, दोन रात्री प्रवास करून इथं उतरलो. प्रांतांची नवी आखणी नुकतीच झालेली. कचेरीचे कागद आधी नागपूरला जायचे, ते आता भोपाळला जाऊ लागले होते, आणि कुठला कागद कुठं गेला ते कुणालाच कळत नव्हतं. दुकानात मराठीत विचारलं तर हिंदीत उत्तर, हिंदीत विचारलं तर मराठीत. माझं बोलणं ऐकून लोक म्हणायचे, "भौ, तुमी कोठले? मराठी बोलता पण समजत नाही."

दगडू मिस्त्रींनी चिठ्ठी वाचली, दोनदा घडी घातली आणि म्हणाले, "एक महिना पाहतो. जमलं तर रहा, नाही तर रस्ता माहीत आहे तुले." त्यांच्या घरी जेवायला होतो. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, मी लाजतो म्हणून भाकरी ताटात न विचारता टाकायच्या. ते उपकार मी विसरणार नाही. पण त्या महिन्यात घास गिळताना रोज वाटायचं, हा शेवटचा आठवडा. परत जाऊन करायचं काय? तिकडं शेत नव्हतं, वर्कशॉप नव्हतं, आणि आई मामाकडे राहत होती.

महिना संपायला आठ दिवस उरले, तेव्हा डॉक्टरीणबाईंची गाडी आली.

इंदुमतीबाई बायकांच्या डॉक्टर. शहरात दवाखाना, आणि आठवड्यातून दोनदा धूलकोटला जायच्या. तिकडे आसपासच्या गावांतून बायका त्यांच्यासाठी थांबून असायच्या. गाडी विलायती, चार सिलिंडरची, गडद हिरवी. ड्रायव्हर हरीभाऊ, पन्नाशीचा, मिशा पांढऱ्या, गाडीला लेकीसारखा जपणारा. रोज सकाळी निळा धूर येतो, अशी तक्रार. त्या दिवशी, बुधवारी, बाई स्वतः बरोबर आल्या होत्या.

अर्थात हरीभाऊ गाडी गरम करून, पुसून घेऊन आला होता. मिस्त्रींनी आवाज ऐकला, एक प्लग काढला, तो तेलकट निघाला, आणि ते म्हणाले, "रिंगा गेल्या. इंजिन उघडा लागेल. बोअर करा लागेल. रिंगा मुंबईहून मागवा."

यात मिस्त्रींचं चुकलं म्हणू नका. आमच्याकडचे रस्ते धुळीचे, वर जिनिंगच्या गिरण्यांतून उडणारं कापसाचं तूस. गाड्यांच्या रिंगा लवकर झिजायच्या. निळा धूर घेऊन दहा गाड्या आल्या तर नऊंच्या रिंगाच गेलेल्या असायच्या.

"किती दिवस?" बाईंनी विचारलं.

"महिना-दीड महिना. रिंगा कवा येतील त्यावर आहे."

बाई स्वतःशीच म्हणाल्या, "म्हणजे धूलकोट बंद."

आणि मी, पान्हा हातात घेऊन मागं उभा असलेला, बोलून गेलो, "बाई, इंजिन उघडू नका. हे रिंगांचं नाही."

वर्कशॉपात सगळे हात थांबले. गिऱ्हाइकासमोर मिस्त्रीचं म्हणणं कुणी खोडत नाही. बापासमोर लेक एक वेळ बोलेल, मिस्त्रीसमोर कारागीर बोलत नाही. ती चूक मी केली, आणि आज इतक्या वर्षांनीही ती मला टोचते. मला मिस्त्रींना बाजूला घेऊन सांगता आलं असतं. पण बाईंचं 'धूलकोट बंद' ऐकलं आणि जीभ आवरली नाही.

मिस्त्री रागावले नाहीत, तेच वाईट होतं. शांतपणे म्हणाले, "कशावरून?"

मी हरीभाऊला विचारलं, "धूर किती वेळ येतो?"

"पाच मिनिटं. मंग नाही."

"चढावर?"

"नाही. धूलकोटच्या चढावर बी नाही."

"रिंगा गेल्या असत्या तर चढावर आला असता," मी म्हणालो. "सकाळीच येतो, तर ऑइल वरून झिरपतंय. वॉलकडून."

मिस्त्री बाईंकडे वळले. "बाई, चिठ्ठी लिहून ठेवा मुंबईची. सोमवारच्या डाकेनं टाकू. तवर हा पाहील." मग माझ्याकडे. "सोमवारपर्यंत धूर बंद केला तर ठीक. नाही तर तू आपल्या गावाला जा. इथं दोन मिस्त्री नाही चालत."

एवढंच. आरडाओरडा नाही.

गाडी रात्री वर्कशॉपच्या अंगणात ठेवून घेतली. गुरुवारी सकाळी सगळे जमले. मी फडका धरला. हरीभाऊनं सेल्फ मारला, गाडी लागली.

धूर नाही. थोडी वाफ आली आणि विरली. फडक्यावर दोन पाण्याचे थेंब.

कुणी तरी मागून म्हणालं, "धूर घाबरून पळाला."

"पाहुण्याला पाहून लाजला," दुसरा म्हणाला.

शुक्रवारी पुन्हा तेच. हरीभाऊ गणपतीची शपथ घेऊन सांगत होता, "घरी देते हो! म्या रोज पाहतो! शेजारीण शिव्या देते!" मिस्त्री फक्त म्हणाले, "आज शुक्रवार."

मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. रिंगा गेलेली गाडी अशी दोन सकाळी सुटी घेत नाही. माझं म्हणणं बरोबर ठरत होतं. पण जो धूर दिसतच नाही, तो बंद कसा करणार? न दिसणाऱ्या धुरासाठी मला कुणी ठेवून घेणार नव्हतं. जेवताना वहिनींनी भाकरी टाकली आणि मी म्हणालो, "नको." त्या म्हणाल्या, "सोमवार अजून आला नाही. खा."

मी खाल्ली. आणि ठरवलं, गाडी माझ्याकडे येऊन खरं सांगत नाही, तर मीच तिच्या घरी जातो. संध्याकाळी हरीभाऊला गाडी घरी न्यायला सांगितली, रोजच्यासारखी लाव म्हणून.

शनिवारी उजाडता उजाडता बाईंच्या घरी गेलो. घर तापीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत. दगडी फरसबंदी, आणि उतार असा की लहान मुलाच्या हातून सुटलेली गोटी थेट नदीला जावी. गाडी त्या उतारावर, नदीकडे तोंड करून उभी. पुढच्या दोन्ही चाकांना दगड लावलेले.

"हे काय?" मी हरीभाऊला विचारलं.

"असंच लावतो."

"कधीपासून?"

हरीभाऊनं मिशीवरून हात फिरवला. मागच्या साली बॅटरी म्हातारी झाली होती. एका सकाळी धूलकोटहून माणूस आला, बायको अडली म्हणून, आणि गाडी लागेना. हँडल मारून मारून हरीभाऊचा खांदा उतरला. बाई शेवटी माल घेऊन निघालेल्या ट्रकमध्ये बसून गेल्या. तेव्हापासून हरीभाऊ गाडी उतारावर लावू लागला. दगड काढले की गाडी आपोआप पळते, गिअर टाकला की लागते. बॅटरी केव्हाच नवी आली होती, पण उतार त्यानं सोडला नव्हता.

"म्या माझ्या बाईले एकदा अडकू दिलं," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा नाही अडकू देणार."

त्यानं दगड काढले. गाडी घरंगळली, गिअर पडला, आणि मी जन्मात पाहिला नाही एवढा निळा धूर गल्लीत पसरला. फडका धरायचीसुद्धा गरज नव्हती. पण मी पळत जाऊन धरला. पिवळा, चिकट डाग.

मला इतका आनंद झाला की मी हसलो. तेवढ्यात वरच्या ओट्यावरून आवाज आला, "हसतो कशाले रे? माझ्या पापडाले वास लागून राह्यला!"

ती काशीमावशी, शेजारची. ओट्यावर खाटेवर पापड वाळत घातलेले, हातात सुपडं, आणि तोंड सुरू. "रोज! रोज माझ्या घरात! वीस घरं सोडून माझ्याच घरात! डॉक्टरीण लोकाले बरं करते आन शेजाऱ्याले मारते!"

"मावशी," मी विचारलं, "एक दिवस तरी धूर नाही आला असं झालं का?"

"तू कोण?"

"मिस्त्री."

"मंग इतके दिवस कोठं होता?" मग थोडं थांबून, सुपडं पाखडत, "गाडी त्या कोपऱ्यावर, सपाट जागेवर ठेवली होती, म्हैस मेली होती रस्त्यात म्हणून. तवा दोन दिवस नव्हता आला. तुम्ही लोकांनी धुरावर उपाय करायचा सोडून रोज म्हैस मारायची का?"

दोन दिवस सपाट जागा, दोन दिवस धूर नाही. आमचं अंगणही सपाट.

मी तिथंच चारही प्लग काढले. मागचे तीन कोरडे, बिस्किटाच्या रंगाचे. सगळ्यात पुढचा तेलानं ओला. मिस्त्रींनी त्या दिवशी काढलेला एकच प्लग हाच असणार. मला कळलं. इंजिनाच्या डोक्यावर, टॅपेटच्या झाकणाखाली ऑइल फिरतं, आणि ते परत खाली जायला भोकं असतात. गाडी सपाट असेल तर मागच्या भोकातून ऑइल उतरून जातं. तोंड खाली असेल तर सगळं पुढं जमतं, आणि पुढचं भोक बुजलेलं असलं, तर ते ऑइल रात्रभर तिथंच तळं करून राहतं. पुढच्या वॉलच्या दांड्याभोवती एक बारीक रबरी टोपी असते, ती कडक झाली असेल, तर ऑइल तिच्या कडेनं थेंब थेंब सिलिंडरमध्ये जातं.

पण 'असेल' हा शब्द घेऊन मी मिस्त्रींपुढं जाणार नव्हतो. संध्याकाळी हरीभाऊला गाडी उलटी लावायला लावली, तोंड वर, मागच्या चाकांना दगड. तो रात्रभर झोपला नसावा, कारण अशी उभी केलेली गाडी घरंगळवून सुरू करता येत नाही. रविवारी सकाळी सेल्फवर लागली. धूर नाही. काशीमावशी ओट्यावर येऊन उभ्या होत्या, शिव्या तयार ठेवून, आणि शिव्या तशाच राहिल्या.

मी मिस्त्रींच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. या खेपेला हळू, एकट्यालाच. शेवटी म्हणालो, "हेड हलवणार नाही. फक्त झाकण काढतो. टोप्या बदलतो."

"हेड न काढता टोप्या बदलशील? वॉल आत पडंल."

"दोरीवर धरतो."

मिस्त्रींनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. ही युक्ती त्यांनाही माहीत होती; लष्करात केली असणार. प्लगच्या भोकातून सुती दोरी सिलिंडरमध्ये भरायची, हँडलनं इंजिन हळू फिरवायचं, पिस्टन दोरीला वर दाबतो आणि दोरी वॉलला खालून टेकू देते. मग वरची स्प्रिंग काढता येते, वॉल पडत नाही. मिस्त्री उठले, मागच्या खोलीत गेले आणि एक पत्र्याचा डबा माझ्यासमोर ठेवला. त्यात जुन्या-नव्या रबरी टोप्या होत्या. "मापाच्या पाहून घे," एवढंच म्हणाले आणि जेवायला बसले.

रविवारचा अख्खा दिवस मी बाईंच्या दारात, त्या उतारावर काम केलं. झाकण काढलं, तर पुढचं भोक काळ्या गाळानं पार बुजलेलं, डांबरासारखं. तारेनं उकरलं, पेट्रोलनं धुतलं. जुन्या टोप्या बोटानं दाबल्या तर वाळक्या चिंचेच्या टरफलासारख्या मोडल्या. वॉलचे गाइड, म्हणजे दांडे ज्यांत सरकतात त्या नळ्या, थोडे सैल होते, पण चालण्यासारखे. ते मी बाईंना सांगून ठेवलं: अजून दोन-तीन वर्षांनी इंजिन उघडावं लागेल, आज नाही. बाई म्हणाल्या, "तोवरचं तोवर." काशीमावशींनी दुपारी पापड भाजून आणून दिले. वास लागला होता का, हे मला विचारू नका.

सोमवारी सकाळी गाडी जाणून-बुजून पूर्वीसारखीच लावलेली होती. तोंड नदीकडे, चाकांना दगड. मिस्त्री सायकलवरून आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. बाई पायऱ्यांवर उभ्या. मुंबईची चिठ्ठी पाकिटात घालून त्यांच्या हातात. हरीभाऊनं दगड काढायला हात घातला, पण दगड निघेना. मी काढला.

गाडी घरंगळली. गिअर पडला. इंजिन लागलं.

मी फडका धरून धावलो. नदीकडून गार वारा येत होता. पांढरी वाफ निघाली, गल्लीत दोन हात पसरली आणि गेली. फडका ओला झाला, मी तो बोटांत चोळला. पाणी.

हरीभाऊ गाडी थांबवून उतरला आणि माझ्याकडे न पाहता, बाईंकडे न पाहता, बोनेटवर हात ठेवून उभा राहिला.

बाईंनी मिस्त्रींना विचारलं, "मग रिंगा गेल्या नव्हत्या?"

सगळ्यांचं लक्ष मिस्त्रींकडे. आणि मिस्त्रींचं माझ्याकडे. मला कळत होतं, आता मी जे बोलेन त्यावर माझं राहणं-जाणं आहे, धुरावर नाही. खोटं बोलायचं नव्हतं. पण बुधवारची चूकही पुन्हा करायची नव्हती.

"बाई," मी म्हणालो, "मिस्त्रींनी गाडी गरम पाहिली. गरम गाडीवरून कुणीही रिंगाच म्हटलं असतं. हरीभाऊंनी पुसून आणली होती, मिस्त्री काय करतील? टोप्या त्यांच्याच डब्यातल्या आहेत."

बाई हसल्या. चिठ्ठी त्यांनी पर्समध्ये टाकली, पिशवी घेतली आणि गाडीत बसल्या. "हरीभाऊ, धूलकोट."

मिस्त्री सायकलवर बसून गेले. मी पायी वर्कशॉपला गेलो. अख्खी वाट मनात एकच: बरोबर ठरलो, पण राहिलो का? मी पोचलो तेव्हा ते कामाला लागले होते. मी हत्यारं पुसून जागेवर लावली.

दुपारी एक जीपवाला आला. केळीचा व्यापारी, लगबगीत, इंजिन सुरू ठेवूनच उतरला. "मिस्त्री, सकाळी निळा धूर देते. रिंगा गेल्या असतील ना? लगेच पाहा."

मिस्त्रींनी जीपकडे पाहिलंही नाही. "बंद कर," ते म्हणाले. "ठेवून जा इथं. उद्या सकाळी गाडी थंड असताना पाहतील."

"उद्या? कोण पाहील?"

मिस्त्रींनी हातातल्या पान्ह्यानं माझ्याकडे दाखवलं. "आमचा माणूस."

जीपवाल्यानं मला खालून वर पाहिलं. "हा कोठला?"

"आजऱ्याचा."

"आजरा कोठं आलं?"

"मले काय माहीत," मिस्त्री म्हणाले. "लांब आहे. पण आता तो इथंच राहून राह्यला."